दोन कनेक्शने, पण खांब एकच!

दसरा झाला की महाराष्ट्रात छत्र्या आणि रेनकोट माळ्यावर जातात. चेन्नईत नेमक्या त्याच सुमारास त्या बाहेर निघतात. तिथला खरा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर असा पडणारा. पुण्या-मुंबईहून नोकरीनिमित्त चेन्नईला गेलेल्या कुटुंबांना पहिल्या वर्षी हे उलटे वेळापत्रक अंगवळणी पडत नाही. दिवाळीचा कंदील लावावा आणि त्याच संध्याकाळी कोसळधार सुरू व्हावी, दिवे जावेत, शेजारच्या मामींनी जिन्यातून "करंट पोच्चु!" अशी हाक द्यावी आणि त्या पाठोपाठ घरातले इंटरनेटही बंद पडावे, हा अनुभव त्या शहरात नवलाचा नाही.

परवा-परवापर्यंत इंटरनेट बंद पडले तर फार काही बिघडत नसे. मालिका उद्या पाहिली तरी चालत असे. आता तसे राहिलेले नाही. आज घर हेच अनेकांचे ऑफिस आहे, मुलांचा क्लास आहे आणि आजी-आजोबांना गावातल्या डॉक्टरांशी बोलायचा पडदाही आहे. विशेषतः मूल लहान आहे म्हणून घरून काम करण्याची सवलत मिळवलेल्या स्त्रियांचे पाहा. "नेट गेले होते" हे कारण साहेब एकदा ऐकून घेतो, दुसऱ्यांदा ऐकून घेतो. तिसऱ्यांदा तो सवलतीचाच फेरविचार करू लागतो. कॅमेऱ्याच्या नजरेखाली घरी बसून परीक्षा देणाऱ्या मुलाची जोडणी मध्येच तुटली, तर वर्षभराचा अभ्यास पणाला लागतो. साहजिकच घरात एकाऐवजी दोन कनेक्शने घेण्याकडे नोकरदार कुटुंबांचा कल वाढला आहे. चेन्नईच्या दक्षिणेकडील पेरुंगुडीसारख्या भागात तर ही चैन राहिलेली नाही.

पेरुंगुडी हे जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरचे ठिकाण. या रस्त्याचे आजचे नाव राजीव गांधी सालै, पण सगळे त्याला 'ओएमआर' म्हणूनच ओळखतात. लगतच्या तरमणीत २००० साली टायडल पार्क उभे राहिले आणि या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उगवू लागल्या. शेजारच्या वस्तीचे नाव कंदनचावडी. मराठी माणसाला 'चावडी' हा शब्द इतक्या दूर भेटला की बरे वाटते! २०११ साली पेरुंगुडी चेन्नई महापालिकेत सामील झाले. एका अंगाला हा गजबजलेला रस्ता, तर दुसऱ्या अंगाला पळ्ळिकरणैची विस्तीर्ण पाणथळ. २०२२ साली या पाणथळीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे 'रामसर' स्थळ म्हणून मान्यता मिळाली. दक्षिण चेन्नईचे पावसाचे पाणी जिथे जाऊन विसावायचे, त्या सखल जागेच्या काठावर आज हजारो बिऱ्हाडे आणि त्यांचे राउटर आहेत.

घरून काम ही गोष्टही इथे करोनाने आणलेली नाही. जून २०१९ मध्ये चेन्नईत पाण्याचा असा खडखडाट झाला की, ओएमआरवरील काही कंपन्यांनी स्वच्छतागृहांना पाणी पुरत नाही म्हणून कर्मचाऱ्यांना घरूनच काम करायला सांगितले होते. मार्च २०२० ची टाळेबंदी त्यानंतरची.

डिसेंबरचे तीन धडे

१ डिसेंबर २०१५ च्या पावसाने चेन्नईला अक्षरशः बुडवले. तांबरमला २४ तासांत ४९ सेंटिमीटर पाऊस झाला. विमानतळ अनेक दिवस बंद राहिला. 'द हिंदू' हे दैनिक १८७८ साली सुरू झाले, पण कामगार छापखान्यापर्यंत पोहोचू न शकल्यामुळे चेन्नईची आवृत्ती निघाली नाही, असे २ डिसेंबरला प्रथमच घडले. अशा वेळी फोन आणि इंटरनेट यांची काय कथा!

पुढल्याच वर्षी, १२ डिसेंबर २०१६ रोजी 'वरदा' चक्रीवादळ शहरावर आदळले. या वेळी पाण्यापेक्षा वाऱ्याने घात केला. हजारो झाडे पडली आणि पडताना त्यांनी खांबाखांबांवरून नेलेल्या तारा सोबत ओढून नेल्या. समुद्राखालच्या एका केबललाही इजा झाली आणि इंटरनेट मंदावले. नोटाबंदीला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. हातात रोकड नाही आणि दुकानातले कार्डाचे यंत्र चालत नाही, अशा कात्रीत घराघरांतल्या गृहिणी सापडल्या.

तिसरा धडा डिसेंबर २०२३ चा. 'मिचाँग' वादळ किनाऱ्याला समांतर रेंगाळले, ३ आणि ४ तारखेला धुवाधार पाऊस झाला आणि वेळाचेरी, पळ्ळिकरणै या सखल भागांत पाणी कित्येक दिवस हटले नाही. साचलेल्या पाण्यात विजेचा धक्का बसू नये म्हणून अनेक ठिकाणी पुरवठा बंद ठेवला गेला. मोबाइलचे जाळेही ठिकठिकाणी कोलमडले.

वादळ तर वर्षाकाठी एखादे. बाकीच्या दिवसांत केबलचा शत्रू असतो कुदळ-फावडे आणि जेसीबी. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यातील माधवरम ते सिपकॉट ही सुमारे ४५ किलोमीटरची मार्गिका याच ओएमआरवरून जाते. एवढे काम म्हटले की खोदाई आली आणि खोदाई म्हटली की तुटलेली केबल आलीच. पुण्या-नागपूरच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नकोच.

वाट निराळी हवी

आता मुद्द्याची गोष्ट. दोन कंपन्यांची दोन बिले भरली म्हणजे घर सुरक्षित झाले, असा बहुतेकांचा समज असतो. पण गल्लीच्या तोंडाशी जाऊन वर पाहावे. अनेकदा दोन्ही कंपन्यांच्या काळ्या वायरी एकाच दिव्याच्या खांबावर एकमेकींना वेटोळे घालून बसलेल्या दिसतात. फांदी पडली की दोन्ही एकदम तुटणार! खर्च दुप्पट आणि निश्चिंती पूर्वीइतकीच.

ही चूक घरगुती माणसेच करतात असे नाही. ३० जानेवारी २००८ रोजी भूमध्य समुद्रात इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ 'फ्लॅग' आणि 'सी-मी-वी ४' या दोन बड्या केबल एकाच दिवशी तुटल्या. नावे वेगळी, मालक वेगळे, पण समुद्रातला अरुंद टापू एकच. भारताची परदेशाशी असलेली निम्म्याच्या आसपास क्षमता एकदम गेल्याचे तेव्हा सांगण्यात आले. कंपन्यांना वाहतूक पूर्वेकडून, म्हणजे सिंगापूर आणि प्रशांत महासागरमार्गे वळवावी लागली. त्या पूर्वेच्या वाटेचे एक दार चेन्नईच आहे. चेन्नई ते सिंगापूर ही केबल २००२ साली सुरू झाली होती. उलट्या दिशेने जाणारी वाट होती, म्हणून गाडा चालू राहिला.

घरासाठीही हाच हिशेब. दुसरे कनेक्शन घेताना वेग किती, फुकट वाहिन्या किती, हे विचारण्याआधी तंत्रज्ञाला विचारावे, "तुमची वायर आमच्या इमारतीत कुठून येते?" पहिली पुढच्या रस्त्याने येत असेल तर दुसरी मागच्या गल्लीने येणारी बघावी. तेही जमत नसेल, आणि पुष्कळ सोसायट्यांत एकाच कंपनीला आत शिरू देतात, तर दुसरी वाट हवेतून घ्यावी. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर छोटा डबा बसवून ५जी लहरींवर घरात इंटरनेट आणण्याची सोय आता आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये जिओने ही सेवा ज्या आठ शहरांत प्रथम सुरू केली, त्यांत चेन्नई होते आणि पुणे-मुंबईही. इतर कंपन्यांचीही अशी सेवा आहे. झाड पडून ती तुटत नाही. मात्र एक पथ्य पाळावे. घरातली फायबर ज्या कंपनीची, तिचेच सिम किंवा तिचाच हवाई डबा घेऊ नये. कारण मोबाइलचा मनोराही शेवटी जमिनीतल्या फायबरलाच जोडलेला असतो आणि ती त्याच कंपनीची, त्याच रस्त्याने गेलेली असू शकते.

पाण्याच्या टाकीचे उदाहरण

दोन वाटा घरापर्यंत आल्या. पुढे काय? बहुतेक घरांत दोन कंपन्यांचे दोन डबे, दोन वायफाय आणि दोन पासवर्ड असतात. पहिले बंद पडले की आई हाक मारते, "अरे, त्या दुसऱ्यावर लाव!" मग लॅपटॉप, टीव्ही, फोन, सगळ्यांवर धावपळ. ज्यांच्याकडे उपकरणे दोन-तीनच आहेत त्यांनी असेच चालवावे, त्यात कमीपणा नाही. केवळ मालिका आणि व्हॉट्सअ‍ॅप एवढीच गरज असेल तर दुसऱ्या कनेक्शनचीही जरूर नाही, मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो. पण रोज घरून काम करणारी दोन माणसे आणि परीक्षा देणारे एक मूल असेल, तर दोन्ही जोडण्या एकाच राउटरला देणे चांगले.

ओएमआरवरील इमारतींत पाणी तीन ठिकाणांहून येते. नळाचे, बोअरचे आणि टँकरचे. सगळे तळाच्या टाकीत पडते आणि तिथून एकाच पंपाने वर जाते. नळ उघडणाऱ्याला आजचे पाणी कुठले, याची फिकीर नसते. दोन जोडण्या घेणारा राउटर म्हणजे ही तळाची टाकी. बाजारात तो 'ड्युअल वॅन' या नावाने मागावा. पाच-सात हजारांच्या आसपास साधा मिळतो. त्याला मागे बाहेरच्या वायरीसाठी दोन खाचा असतात. घरातली सगळी उपकरणे याच्याच एका वायफायवर राहतात, पासवर्ड एकच.

इथवर उपमा ठीक आहे, पण पुढे ती फसवते. टाकीत पाणी मिसळते, इंटरनेट मिसळत नाही. एकीकडे २०० चा वेग आणि दुसरीकडे १०० चा, म्हणजे घरात ३०० चा, असे विक्रेते सांगतात. ते अर्धसत्य आहे. सुरू झालेले एक संभाषण, मग तो व्हिडिओ कॉल असो की एखादी फाइल उतरवणे, ज्या वाटेने सुरू झाले त्याच वाटेने संपते. फार तर मुलीचा क्लास एका वाटेने आणि बाबांची मीटिंग दुसऱ्या वाटेने, अशी विभागणी राउटर करू शकतो. या विभागणीचा एक तापही आहे. बँकेचे पान उघडताना एक पत्ता आणि पैसे पाठवताना दुसरा पत्ता दिसला की बँकेला संशय येतो आणि ती बाहेर काढते. ऑफिसच्या सुरक्षित जोडणीचेही तेच. म्हणून घरगुती वापरासाठी विभागणीच्या भानगडीत न पडता 'फेलओव्हर' हीच मांडणी ठेवावी. पहिली वाट चालू आहे तोवर सगळे तिथूनच, ती पडली की आपोआप दुसरीवर. बदल होताना अर्धा-एक मिनिट जाते, चालू कॉल तुटतो आणि पुन्हा लावावा लागतो. एवढे सोसण्यासारखे आहे.

ही मांडणी करायला येणारा तंत्रज्ञ घाईत असतो. त्याच्याकडून दोन गोष्टी आवर्जून करून घ्याव्यात. पहिली म्हणजे पत्त्यांचा घोळ. कंपन्यांचे डबे बहुधा १९२.१६८.१.१ असाच घरगुती पत्ता घेऊन येतात. दोन्ही डब्यांचा, किंवा एका डब्याचा आणि नव्या राउटरचा पत्ता सारखा राहिला तर राउटर गोंधळतो, एकाच चाळीत दोन बिऱ्हाडांना एकच खोली क्रमांक दिल्यासारखा! एकाचा पत्ता बदलून घ्यावा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. राउटरला वाट बंद पडल्याचे कळावे कसे? घरातल्या डब्याचा हिरवा दिवा पाहून तो ठरवत असेल तर फसगत ठरलेली. केबल दोन किलोमीटरवर तुटली तरी घरातली वायर शाबूतच असते. म्हणून राउटरने दर काही सेकंदांनी दूरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ गूगलच्या ८.८.८.८ ला, हाक मारून उत्तर येते का ते पाहावे, अशी सोय त्यात चालू करून घ्यावी. मग तंत्रज्ञ घरात असतानाच पहिल्या डब्याच्या मागची बाहेरून येणारी फायबर हलकेच काढायला लावावी आणि काय होते ते पाहावे. त्याचे पैसे त्यानंतर द्यावेत.

आणि वीज?

१२ ऑक्टोबर २०२० चा सकाळचा प्रहर मुंबईकरांना आठवत असेल. मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या आणि ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. त्या दिवशी ज्यांच्या घरी दोन कनेक्शने होती, त्यांची दोन्ही बंद होती! तारा शाबूत होत्या, डब्यांना वीज नव्हती.

चेन्नईत तर वीज मंडळ देखभालीसाठी भागवार आगाऊ सांगून सकाळी ९ ते दुपारी २ पर्यंत पुरवठा बंद ठेवते. नेमकी ऑफिसची वेळ. त्यासाठी दोन उपाय. छोटा 'मिनी यूपीएस' घ्यावा, किंवा घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरचे प्लग त्यावर आणावेत. एका डब्याला १०-१२ वॉटच लागतात. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर फक्त हे तीन डबे ठेवले तर दिवस आणि रात्र सहज निघते. पंखे-दिवे लावले की अर्थात नाही. मिनी यूपीएस घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. खोक्यावर छापलेले तास एका उपकरणाचे असतात, दोन जोडली की निम्मे. आणि डबा १२ व्होल्टचा की ९ चा, हे जुन्या अ‍ॅडॉप्टरवर वाचूनच जोडणी करावी.

नेहमी होणारी चूक अशी की, नवा महागडा राउटर बॅटरीवर असतो आणि भिंतीवरचा कंपनीचा फायबरचा डबा मात्र साध्या प्लगवर. मोजून पाहावे. पहिल्या कंपनीचा डबा, दुसरीचा डबा आणि राउटर, तिन्ही बॅटरीवर हवेत.

आणखी एक प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. घराबाहेर जिन्यात किंवा गच्चीवर कंपनीची पेटी असते, तिला वीज लागते का? फायबर थेट घरात येत असेल तर वाटेतल्या विभाजकाला वीज लागतच नाही, प्रकाश काचेच्या धाग्यातून आपला फुटत जातो. पण स्थानिक केबलवाल्याने गच्चीवरच्या पेटीतून साधी तांब्याची वायर खाली सोडली असेल, तर त्या पेटीला वीज हवी. ती इमारतीच्या सामाईक मीटरवर असते आणि लाईट गेली की तीही जाते. तळमजल्यावरील पेटी पाण्याखाली गेली तर प्रश्नच मिटला. सखल भागात राहणाऱ्यांनी घरातले डबेही माणसाच्या खांद्याच्या वर बसवावेत.

एवढे करूनही २०२३ सारखा पूर आला, परिसराची वीज चार दिवस बंद राहिली आणि मनोऱ्यांच्या बॅटऱ्या संपल्या, तर घरातली कोणतीही मांडणी उपयोगी पडणार नाही. तिथे साहेबाला आगाऊ कळवून उंच भागातल्या मित्राकडे लॅपटॉप घेऊन जाणे, हाच मार्ग. हवामान खात्याचा इशारा अशा वादळांआधी काही दिवस मिळतो. तो ऐकून पॉवर बँका भरणे आणि परीक्षा असलेल्या मुलाला आदल्या दिवशीच हलवणे शक्य असते.

खर्चाचा अंदाज द्यायचा तर साधे फायबर महिना चारशे-पाचशे रुपयांपासून मिळते, वर १८ टक्के जीएसटी. दुसरे कनेक्शन कमी वेगाचे घेतले तरी चालते. व्हिडिओ कॉलला प्रचंड वेग लागत नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासमध्ये जनतेसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून ९.६ किलोबिटच्या वेगाने पत्रे जात. आजचे १०० मेगाबिटचे कनेक्शन त्याच्या दहा हजार पट आहे. घराघरांत कमी पडतो तो वेग नव्हे, भरवसा.

राखीव कनेक्शनचा एक स्वभाव ओळखून असावे. ते गुपचूप मरते. रोज वापरात नसल्याने रिचार्जची मुदत संपलेली कळत नाही, उंदराने वायर कुरतडलेली कळत नाही. याच्या उलटही घडते. पहिले कनेक्शन तीन आठवड्यांपूर्वीच बंद पडलेले असते, राउटरने मुकाट्याने दुसरीकडे वळवलेले असते आणि घरात कुणालाही पत्ता नसतो. मग दुसरे पडते आणि सगळे म्हणतात, "दोन असून काय उपयोग!" राउटर वाट बदलल्याचा निरोप फोनवर पाठवू शकतो, ती सोय चालू ठेवावी. महिन्यातून एका रविवारी सकाळी पहिल्या डब्याचा प्लग काढून दहा मिनिटे काम चालते का पाहावे. चेन्नईत राहणाऱ्यांनी नवरात्रात, घरोघरी गोलूच्या बाहुल्या मांडल्या जातात त्या दिवसांत, ही परीक्षा जरूर घ्यावी, कारण पाऊस त्यानंतर फार दूर नसतो.

आणि दोन्ही कंपन्यांचे ग्राहक क्रमांक व तक्रारीचे फोन नंबर कागदावर लिहून फ्रिजच्या दाराला चिकटवून ठेवावेत. आजकाल ते कंपनीच्या अ‍ॅपमध्ये असतात आणि अ‍ॅप उघडायला इंटरनेट लागते.